सुंदरबाईने गाळलेली ओळ

रविवार, दिनांक १२ जानेवारी १९६९ रोजी, दुपारी ठीक दोन वाजता, धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे, कापूस-बाजाराच्या लिलावगृहात स्त्रियांच्या पारंपरिक गीतगायन स्पर्धेची तालुका फेरी सुरू झाली. परीक्षक तिघे होते. त्यांपैकी एक मी.

गावातील माध्यमिक शाळेत मी अकरा वर्षे मराठी शिकवीत होतो, आणि सुट्यांच्या दिवशी खेडोपाडी फिरून बायकांची गाणी उतरवून घेण्याचा मला छंद होता. चार बांधीव वह्यांत मिळून तीनशेबारा गाणी माझ्यापाशी जमली होती. त्यामुळे स्पर्धेची नियमावली लिहिण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपविले, आणि ते मी मन लावून केले. गायिका व्यासपीठावर एकटीच असावी, हा नियम माझा. गीताचे एकही कडवे अपुरे राहू नये, हाही माझाच. निकालासोबत परीक्षकांचे शेरे ध्वनिक्षेपकावरून जाहीर वाचावेत, म्हणजे पक्षपाताचा संशय राहणार नाही, असा आग्रह मी धरला, तेव्हा उरलेल्या दोघा परीक्षकांनी मान डोलावली. कारण माझ्याशी वाद घालणे त्यांना परवडत नसे.

सुंदरबाईला स्पर्धेत मीच आणले होते. दोंडाईच्यापासून तीन मैलांवरच्या खेड्यात ती नांदत होती. आदल्या वर्षी आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण उलटून गेल्यावर, मी त्या खेड्यात गेलो असता ती भुईमूग फोडीत गात बसली होती. तिचा आवाज जाडसर आणि सपाट होता. त्यात गोडवा नव्हता. परंतु तो ऐकताना माझ्या हातातील पेन्सिल थांबली, आणि पेन्सिल थांबणे ही माझ्या बाबतीत सामान्य गोष्ट नव्हे.

स्पर्धेच्या दिवशी तिच्यासोबत तिची जाऊ मोगराबाई आली होती. दोघींचे माहेरही एकच होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातल्या त्या चुलत बहिणी. सुंदरबाईचे नाव पुकारले तशी मोगराबाई सरळ परीक्षकांच्या टेबलापाशी आली.

"गुरुजी, मी हिना शेजारे बसू का?"

"नियमाप्रमाणे गायिका एकटीच हवी."

"बठ्ठं गानं तीच गाई. मनी फक्त एक ओळ."

"एक ओळसुद्धा नाही, बाई. मग गुण कोणाला द्यायचे? पाऊण तिला आणि पाव तुम्हाला?"

"आमनाकडे एकलं कोनी गात नही, गुरुजी. एकली बाई ते फक्त रडस."

पुढच्या रांगेतल्या बायका हसल्या. मलाही हजरजबाबीपणाचा मोह आवरला नाही. "इथे रडल्या तरी हरकत नाही," मी म्हणालो, "भावनेला वीस गुण ठेवले आहेत." बायका पुन्हा हसल्या. मोगराबाई हसली नाही. ती काही बोलणार होती. पण स्वयंसेवकाने तिला हाताने वाट दाखविली आणि ती दहाव्या रांगेत जाऊन बसली.

सुंदरबाईने आखाजीचे गाणे म्हटले. निंबाला झोका बांधून माहेरवाशिणी ते गातात. प्रत्येक कडव्यात एक प्रश्न आणि त्याचे उत्तर, एवढीच त्याची रचना. झोका कोणी बांधला, दोर कोणी आणला, असे विचारत विचारत गाणे चौथ्या कडव्याशी येते, आणि त्यात सणासाठी बहिणीला माहेरी न्यायला येणारा भाऊ, ज्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात, तो दिसू लागतो. माझ्यासमोर वही उघडी होती आणि मी शब्दाशब्दावर पेन्सिलीचे टोक ठेवीत चाललो होतो.

*वाटवर धुय उडनी, कोन उना वं बाई?*

येथे सुंदरबाई थांबली. वाटेवर धूळ उडाली, कोण आले, असे विचारून ती गप्प उभी राहिली. तिचे ओठ मिटलेले होते आणि नजर कोणावरही नव्हती. वहीत उत्तर स्पष्ट होते: *उना मना मुराळी, भाऊ उना वं बाई.* एक ओळ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला. तेवढ्यात दहाव्या रांगेत मोगराबाई उठून उभी राहिली आणि तिने "उना" एवढे म्हटले असेल नसेल, स्वयंसेवकाने तिचा दंड धरून तिला खाली बसविले. मग सुंदरबाईने पाचवे कडवे उचलले आणि गाणे पुरे केले.

मी शेरा लिहिला: "चौथ्या कडव्यातील उत्तराची ओळ विसरल्या. प्रेक्षकांतून आठवण करून देण्याचा प्रयत्न झाला." दहा गुण वजा केले. धुळ्याच्या अंतिम फेरीला पहिल्या दोघीच जावयाच्या होत्या; सुंदरबाई तिसरी आली. संध्याकाळी शेरे वाचले गेले तेव्हा तिचा शेरा वाचताना लोक हसले, आणि ते हसणे ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यांतून बाजारभर गेले.

आठ दिवसांनी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, मोगराबाई शाळेत आली. सुंदरबाई फाटकाबाहेर चिंचेखाली टोपली घेऊन उभी होती.

"गुरुजी, तुमनी चूक व्हयनी," मोगराबाईने नमस्कारही न करता सांगितले.

"कोणती?"

"ती भुलनी नही. तिनी ती ओळ सोडी."

"सोडली म्हणजे काय?"

"सोडी म्हंजे सोडी. जिना भाऊ मरी जास, ती बाई मुराळीनी ओळ गास नही. ती इचारस, आनि गप ऱ्हास. बाकीन्या बाया ती ओळ झेलतस. 'उना आमना मुराळी' म्हंतस. तीन साल व्हयनात, मी झेलस. त्या दिवशी झेलाले उठनू, ते तुमना मानूसनी माले खाले बसाडं."

"मग हे आधी का सांगितले नाही?"

"तुमीन सांगू दिनं का? आनि तुमनी वहीमा तीनशे गाना शेतस म्हने. इतलं बी लिखेल नही?"

खरोखरच लिहिलेले नव्हते. तीनशेबारा गाण्यांपैकी प्रत्येकाचे शब्द माझ्यापाशी होते. कोणते शब्द कोणी म्हणावयाचे नाहीत, हे मी कधी कोणाला विचारलेच नव्हते. एखाद्या बाईने ती ओळ स्वतःच म्हटली तर काय होते, असे मी विचारले.

"ते तिनं माहेर मिटनं," मोगराबाई म्हणाली. "झेलनारी शे तवलग भाऊ शे. सोता गायी, म्हंजे तिनी सोता सांगी दिनं, आते कोनी येवाव नही. मंग आखाजीले तिले लेवाले कोन येई? आते मना भाऊ भुरा येस, आमले दोन्हीसले लई जास. तिनी माय तठे एकली शे. सालभर वाट देखस."

सुंदरबाईचा भाऊ उखर्डू तीन वर्षांपूर्वी तिलाच आणावयास निघाला असताना वारला होता. वैशाखाचे ऊन, गच्च भरलेली बस फाट्यावर थांबली नाही, म्हणून तो पायी निघाला, आणि बहिणीच्या गावाच्या दोन कोस अलीकडे एका बाभळीखाली लोकांना तो निपचित पडलेला सापडला. ऊन लागले होते. फडक्यात बहिणीसाठी घेतलेला बांगड्यांचा जोड होता. एवढी हकीकत मोगराबाईने सांगितली. याहून अधिक तिलाही ठाऊक नव्हते.

मी फाटकाशी गेलो आणि सुंदरबाईला म्हणालो, "तुमच्यावर अन्याय झाला. मी तुम्हाला धुळ्याला पाठवीन."

"माले पुढे जावानं नही, गुरुजी," ती म्हणाली. "तो शब्द खोडी टाका. घरमा बठ्ठा माले भुलकी म्हंतस. सासरा चहा मांगस ते म्हनस, साखर भुलू नको वं."

तिचे मागणे एवढेच होते. 'विसरल्या' हा शब्द खोडावयास एक ओळ आणि माझी सही पुरेशी होती. परंतु आपल्या हातून घडलेल्या अन्यायाची भरपाई अन्यायाच्या मानाने मोठी असली पाहिजे, अशी माझी धारणा होती, आणि मोठेपणाची माझी कल्पना कागदाच्या लांबीशी निगडित होती. त्या आठवड्यात मी समितीला तीन पृष्ठांचे पत्र लिहिले. पहिल्या पृष्ठावर प्रथेचे विवेचन केले. तिसऱ्यावर मोगराबाईला शेजारी बसू द्यावे, अशी विनंती केली. मधले पृष्ठ उखर्डूच्या मृत्यूचे होते. ते मी चार वेळा लिहिले. वाक्ये तोलून पाहिली, एक विशेषण काढले, एक घातले, आणि चौथ्या खेपेस परिच्छेद शेवटाला लंगडा वाटला म्हणून एक वाक्य जोडले: "त्या रखरखीत माळावर प्राण जाताना त्याच्या कोरड्या ओठांवर केवळ बहिणीचे नाव होते." हे मला कोणीही सांगितले नव्हते. परिच्छेदाला त्याची गरज होती.

समितीने सुंदरबाईला अंतिम फेरीत घेतले. ती तयार नव्हती. शेरा बदलून घ्यावयाचा तर तो धुळ्यालाच बदलेल, असे मी तिला सांगितले. हे सर्वस्वी खोटे नव्हते. मोगराबाई जवळ असेल का, असे तिने विचारले. असेल, मी म्हणालो.

रविवार, दिनांक ९ फेब्रुवारी. धुळ्याच्या सभागृहात जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील लोक आले होते; आठशे खुर्च्या भरल्या होत्या. समितीचे अध्यक्ष आणि अंतिम फेरीचे एक परीक्षक मिश्रीलालशेठ कापडाचे मोठे व्यापारी होते, आणि गाण्याचे त्यांचे वेड खरे होते. मला पाहताच त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"मास्तरसाहेब, काय पत्र लिहिलंत! मी घरी मोठ्यानं वाचलं. आमच्या सायरबाई, माझी थोरली बहीण, ताटावरून उठल्या. दोन दिवस माझ्याशी बोलताना त्यांचा आवाज भरून येत होता."

मी आभार मानले आणि मोगराबाईचा विषय काढला.

"जोडीदारीण? छे छे! तीच तर चूक होईल. ती ओळ कोणी भरायचीच नाही. तुम्ही डोळ्यांपुढे आणा. ती विचारते, कोण आलं? आणि आठशे माणसं श्वास रोखून बसलेली! त्या शांततेला माझे वीसपैकी वीस."

मी पाव तास वाद घातला. प्रथा अशी आहे, ती तशी पाळली पाहिजे, नियमावलीला अपवाद करता येतो, अपवादाला पूर्वाधार आहे, असे सर्व मुद्दे क्रमाने मांडले. ती शांतता तिची आहे, तुमची नाही आणि माझीही नाही, हा एकच मुद्दा मांडावयाचा होता. तो माझ्या क्रमात कोठे बसेना. शेवटी शेठजी म्हणाले, "बरं, लोकांना कळायला हवं ना ती का थांबते? नाहीतर दोंडाईच्यासारखं हसतील. तुमच्या पत्रातलं मधलं पान आधी वाचून दाखवतो. चालेल?"

यावर मी नाही म्हटले नाही. ते पान मोठ्याने वाचले जाताना ऐकण्याची मला इच्छा होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

मोगराबाईला सातव्या रांगेत जागा मिळाली. विंगेत सुंदरबाईच्या शेजारी मी उभा होतो. मिश्रीलालशेठ ध्वनिक्षेपकापुढे गेले आणि वाचू लागले. त्यांचे वाचन चांगले होते. फाट्यावर न थांबलेल्या बसशी एका बाईने पदर डोळ्यांना लावला. बांगड्यांच्या जोडाशी चहूकडे रुमाल निघाले. माझ्या वाक्यांनी एवढी माणसे एकाच वेळी रडत असलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि त्या मिनिटात मला सुंदरबाईचा विसर पडला होता.

"...त्याच्या कोरड्या ओठांवर केवळ बहिणीचे नाव होते."

"गुरुजी," सुंदरबाई हळू आवाजात म्हणाली, "हाई तुमीन लिखं का?"

"हो."

"तेना जोडे कोन व्हतं?"

"त्याच्याजवळ? कोणी नव्हते."

"मंग तेनी मनं नाव लिनं, हाई तुमले कोनी सांगं?"

मी व्यासपीठाकडे नजर वळविली. बाहेर तिचे नाव पुकारले गेले. तिने पदर खोचला आणि ती पुढे गेली.

ती तशीच गायली, जशी भुईमूग फोडताना गात होती; जाड, सपाट आवाजात, कोणाचीही विनवणी न करता. झोका कोणी बांधला, दोर कोणी आणला. सभागृह चौथ्या कडव्याची वाट पाहत होते. मिश्रीलालशेठ खुर्चीच्या कडेवर आले होते आणि त्यांचा रुमाल हातात तयार होता.

*वाटवर धुय उडनी, कोन उना वं बाई?*

आणि श्वासाइतकेही अंतर न ठेवता तिने स्वतःच उत्तर दिले:

*उना मना मुराळी, भाऊ उना वं बाई.*

तिचा आवाज कापला नाही, चढला नाही, पडलाही नाही. पाढे म्हणताना मुले एका घरातून दुसऱ्या घरात जातात तशी ती पाचव्या कडव्यात गेली. सातव्या रांगेत मोगराबाई उठण्याच्या बेतात होती. तिचा एक हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर होता. तो तिने काढून घेतला, पदर कपाळावरून पुढे ओढला आणि ती खाली पाहत राहिली.

लोकांत चुळबुळ झाली. फसविले गेल्यासारखे वाटून त्यांनी रुमाल घड्या घालून खिशात ठेवले. माझ्या मागे पडद्याच्या दोरापाशी उभी असलेली दोन माणसे बोलत होती.

"अरे, हिचा भाऊ मेला ना?"

"मेला असता तर अशी गायली असती का? लेखी गोष्ट आहे, असेल बनवलेली."

पहिला क्रमांक जळगावच्या राजकुंवर नावाच्या मुलीस मिळाला. तिने कडव्यागणिक गळा दाटवून गायले होते आणि शेवटी खरोखरच हुंदका दिला होता. तिच्याविषयी मला तक्रार नाही. नियमावलीत भावनेला वीस गुण होते आणि ते मिळविण्याचा मार्ग तिने ओळखला होता. सुंदरबाई सातवी आली. तिचा शेरा मिश्रीलालशेठांनी स्वतः वाचला, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. देवाला हात जोडावेत आणि गाभारा रिकामा निघावा, तशी निराशा होती. "संहिता संपूर्ण. एकही शब्द गाळलेला नाही. भावना मात्र आढळली नाही."

शेऱ्याची नक्कल मी कार्यालयातून मागून घेतली, तीवर शिक्का मारून घेतला आणि एस.टी. स्टँडवर गेलो. दोंडाईच्याची बस लागावयाची होती. सुंदरबाई बाकावर बसली होती. मोगराबाई तिच्यापासून हातभर दूर, उभी. सकाळी येताना त्या एकाच बाकावर, एका कांबळ्यात बसून आल्या होत्या. मी कागद पुढे केला आणि त्यात काय लिहिले आहे ते वाचून दाखविले. शेवटचे वाक्य मी वाचले नाही.

"एकही शब्द गाळलेला नाही," सुंदरबाईने माझ्या मागून म्हणून पाहिले. "शिक्का शे ना?"

"आहे."

"घर दखाडसू," ती म्हणाली. तिने कागदाची चौघडी केली, ती कमरेच्या पिशवीत ठेवली आणि पिशवीचे तोंड ओढून गाठ मारली. मग बस आली तशी ती उठून चढली आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली, जेथून आम्ही दोघेही तिला दिसणार नव्हतो.

"आखाजीला काय होईल?" मी मोगराबाईला विचारले.

"काय व्हई? भुरा येई."

"दोघींना न्यायला?"

"माले लेवाले."

"पण ती मुद्दाम नाही गायली. म्हणजे, तिला गावे लागले. गावात हे कोणाला कळायचे कारण नाही."

"मी तठेच व्हती ना, गुरुजी. मी आयकं."

"तिची आई?"

मोगराबाईने खिडकीकडे पाहिले. कंडक्टरने घंटेची दोरी हातात घेतली होती.

"मी तुमच्या गावच्या पंचांना लिहितो," मी घाईने म्हणालो. "समितीला पुन्हा लिहितो. सगळी हकीकत, जशी घडली तशी, पहिल्यापासून. दोष माझा आहे, हे स्पष्ट लिहीन. एकही वाक्य पदरचे घालणार नाही."

तिने पायरीवर पाय ठेवला, दांडा धरला आणि वळून माझ्याकडे पाहिले.

"नको. तुमीन ते पहिलं बी लिखाले नको व्हतं."